डावीकडचा जोड

माझी धाकटी जाऊ कल्पिता. अख्खं चौल तिला पाइपवाली म्हणतं. रेवदंड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, नारळाच्या वाडीच्या तोंडाशी, आमच्या घराच्या अगदी समोर, आमच्या दिराचं, विपुलचं दुकान आहे. पाइप, नळ, टाक्यांची झाकणं, असलं सगळं. विपुल दिवसभर मुंबईकरांच्या बंगल्यांवर नळाची कामं करत फिरतो, म्हणजे दुकान चालवते आणि गिऱ्हाइकांना पाइपांचे जोडही लावून देते ती कल्पिताच. कुणी येऊन "वैनी, ते अर्ध्या इंचाचं वाकडं द्या" म्हणालं, की एल्बो काढून काउंटरवर ठेवणार आणि वर ऐकवणार, "नुसतं वाकडं म्हणजे काय? तुझं तोंड का?"

मी सुचिता. माझंही तोंड काही गोड नाही, पण माझं बोलणं लोकांना झोंबतं आणि तिचं बोलणं ऐकून लोक हसतात, एवढा आमच्यात फरक. तिचं सांगायला बसले आहे, तर सगळं सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे.

आमच्याकडं वस्तीला पाखाडी म्हणतात. आमच्या पाखाडीत दसऱ्याला रणदेवी निघते. देवळातली मूर्ती काही गाभाऱ्याबाहेर काढत नाहीत. म्हणून पाखाडीतल्याच एका सुनेला देवीचं सोंग देतात. नऊवारी, मुकुट, हातात तलवार आणि अंगात चिलखत. टेम्पोवर उभी करून तिला खाडीपर्यंत नेतात. वाटेत दारादारात बायका तिची ओटी भरतात. एकदा चिलखत चढलं, की परत उतरेपर्यंत तिला कुणी नावानं हाक मारायची नाही. सासूनंसुद्धा पायाच पडायचं.

कल्पिता लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या वर्षीपासून रणदेवी तीच. काय उभी राहायची! टेम्पो खड्ड्यातून गेला तरी हलायची नाही. मला ठाऊक असायचं, की ही सकाळी माझ्याशी खोबरं कुणी किसायचं ह्यावरून भांडलेली आहे. तरी ती समोर आली की हात आपोआप जोडले जायचे.

मग तिला गाठ निघाली. मांडव्याहून बोटीनं मुंबईला खेपा सुरू झाल्या, आणि शेवटी तिची डावी छाती काढली. सरळच सांगते. आमच्याकडं लोक "ते गाठीचं ऑपरेशन" असं म्हणतात आणि जमिनीकडं बघतात, त्याचा मला संताप येतो. केस गेले, परत आले, वजन उतरलं, पुढं शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे उपचार झाले. त्या दसऱ्याला पाखाडीतल्याच रामचंद्रकाकांची नातसून मृणाली देवी झाली. कल्पिता अंथरुणावरून ताशांचा आवाज ऐकत होती. मी तिच्याजवळ बसले होते. ती नुसती चादरीचा धागा उसवत राहिली.

बरी झाली, दुकानात बसायला लागली. पण गिऱ्हाईक बदललं. पूर्वी हिच्याशी हुज्जत घालणारे आता दिलेला नळ मुकाट घेऊन जायचे. वळले की बायका हळूच म्हणायच्या, "बिचारी." तो शब्द आणि ती, दोघं एका दुकानात बसायला लागले होते.

आणि विपुल? विपुल चांगला माणूस आहे. हॉस्पिटलात पायाशी बसून राहिला, औषधं वेळच्या वेळी आणली. पण घरी आल्यापासून तो तिच्याकडं बघायचाच नाही. कपाटाकडं, पंख्याकडं, जेवणाच्या ताटाकडं बघून बोलायचा. झोपायला ओटीवर जायचा, म्हणे आत उकडतं. मला काय कळत नाही होय? पण दिराला असलं कुठल्या तोंडानं विचारायचं?

यंदा गणपती उठल्यावर मंडळानं जुनं पत्र्याचं चिलखत बाहेर काढलं, तर खाऱ्या वाऱ्यानं त्याची चाळण झालेली. कल्पिता म्हणाली, "मी करते नवीन. पाइपाचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ती म्हणाली, "आणि ह्या वर्षी उभी पण मीच राहनार."

कुणी खोकलं, कुणी मोबाईल काढला.

दुसऱ्या दिवशी रामचंद्रकाका घरी आले. पाखाडीचे म्होरके, वयानं मोठे, आणि खरं बोलायचं तर वाईट माणूस नव्हे. चहा घेतला, पाऊस लांबला म्हणाले, मग कपाकडं बघत म्हणाले, "पोरी, तुला लागंल असं मला बोलायचं न्हाय. पन मूर्तीला टवका गेला तर आपन ती पुजत न्हाय, पान्यात सोडतो. खंडित म्हनतो. मग देवीच्या जागी उभं राहायचं म्हंजे..."

"म्हंजे मी खंडित," कल्पिता म्हणाली.

"मी न्हाय म्हनत गं. रीत म्हनते."

"रीत कधी आली चहाला? मला तर तुम्हीच दिसताय," मी म्हणाले. आमच्या सासूबाईंनी, सखुबाईंनी, माझ्या दंडाला चिमटा काढला.

काकांनी तोडगा काढला. अष्टमीला देवीला कौल लावायचा. म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कल्पितानं मान हलवली. तोपर्यंत चिलखत करते म्हणाली.

काका गेल्यावर मी तिला विचारलं, "कशाला हा हट्ट? धड दोन वेळा जेव, झोप काढ."

ती पटकन म्हणाली, "ताई, मला एकदाच उभं राहायचंय. सगळ्या पाखाडीनं तोंड वर करून माझ्याकडं बघायचं, आणि कुणी बिचारी म्हनायचं न्हाय. एवढंच."

मी पदर खोचला. मदतीला लागले.

बंगल्यांच्या कामावरून उरलेले सहा इंची पाइपाचे तुकडे दुकानामागं पडले होते. ती ते लांबीत चिरायची, गरम हवेच्या बंदुकीनं तापवायची. पाइप मऊ पडला, की दोन कडप्प्यांच्या मध्ये घालून वर आम्ही दोघी उभ्या राहायचो. खाली सपाट पत्रा तयार. त्याच्यावर कागदाचं माप ठेवून आखायचं, करवतीनं कापायचं, परत तापवून पितळेच्या कळशीच्या पोटावर दाबून गोलाई आणायची. मग कडा पॉलिश पेपरनं घासायच्या, दोन्हीकडं पाइप जोडायचं सोल्युशन लावायचं आणि आतून पट्टी ठेवून धरून बसायचं. त्या सोल्युशनच्या वासानं माझं डोकं दुखायचं. ती म्हणायची, "ताई, बाहेर बसा, नाहीतर देवीच्या आधी तुमच्याच अंगात येईल."

पाठीचे तुकडे झाले, पोटाचे झाले, उजवीकडचा छातीचा तुकडा कळशीवर छान गोल आला. डावीकडचा तिनं सपाट ठेवला.

"अगं, दोन्हीकडं सारखं कर की," मी म्हणाले. "आत कापूस भर. कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली. "हाय तसं करनार."

त्या सपाट तुकड्याला आतून तिनं जुन्या चपलेच्या रबराची मऊ गादी लावली. मग सगळं खांद्यावरच्या पट्टीला जोडलं. उजवा जोड पक्का बसला. डावा दुसऱ्या दिवशी उचलला तर टक्कन सुटला. परत घासला, परत लावला, वजन ठेवून दिवसभर तसाच सोडला. संध्याकाळी सासूबाई बघायला आल्या, तर त्यांच्या देखतच परत सुटून खाली पडला.

सासूबाईंनी हात जोडले. "डावीच बाजू सुटतेय बाय. देवीच नको म्हनते."

"देवीला काय दुसरा धंदा न्हाय? पाइप सोडवत बसलीय!" मी ओरडले. पण कल्पिताचा चेहरा पडलेला मी बघितला. जन्मात हजारो जोड केलेली बाई. हिच्या हातचा जोड पाण्याच्या दाबाला सुटत नाही, आणि हा नुसता उचलला तर सुटतो? तिनं तुकडा उचलला, झटकला आणि फळीवर पालथा घातला. म्हणाली, "जाऊ दे ताई. कौलाची पन गरज न्हाय आता."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडी आपटते. मी मोरीत जाऊन भांडी आपटत होते तेव्हा विपुल कामावरून आला. त्यानं विचारलं, काय झालं. मी सगळं बडबडले. तो दुकानामागं गेला. मी मागोमाग रस्ता ओलांडून दुकानात गेले आणि मागच्या खिडकीतून बघायला लागले.

त्यानं तो तुकडा उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. मग नाकाशी धरला.

"ह्याच्यावर तेल हाय," तो म्हणाला.

"कसलं तेल?"

"खोबरेल."

कल्पितानं स्वतःच्या हातांकडं बघितलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं ती सकाळ-संध्याकाळ त्या व्रणावर खोबरेल चोळायची, कातडी मऊ राहावी म्हणून. आणि चोळून झालं की तशीच तो तुकडा अंगाला लावून माप बघायची. अंगाचं तेल कडेला, कडेचं जोडाला. तेलावर सोल्युशन काय कपाळ धरणार? नळाचं काम करणारा कुठलाही पोरगा आधी फडक्यानं पुसतो. पण इथं तिला ते आपलंच अंग वाटत होतं, पुसायचं तिच्या मनात कुठून येणार?

ती हसायला लागली. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा मी तिला तसं हसताना बघितलं, पोट धरून. विपुल पण हसला. मग त्यानं क्लीनरनं जोड पुसला, घासला, आणि म्हणाला, "चढव बघू अंगावर. मी धरतो, तू माप सांग."

ती थांबली. तोही थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याकडं सरळ बघत होता. नंतर तो म्हणाला, "आणि कल्पे, उद्यापासून तेल मी लावतो. तुझे हात कोरडे राहू देत."

मी खिडकी लावून घेतली. मोरीत भांडी होती, पण घासायला हात उठेनात.

तो जोड नंतर सुटला नाही. मी स्वतः ओढून बघितला. वर सोनेरी स्प्रे मारला, पट्ट्यांना बॅगेची नवार लावली. चिलखत असं दिसत होतं, की वाटेनं जाणारा स्कूटर थांबवून बघायचा. आणि विपुल ओटीवरून आत झोपायला आला. पुन्हा उकडतं म्हणाला नाही.

अष्टमीला देऊळ भरलं. बाळाजी गुरवानं गाऱ्हाणं घातलं, देवीच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवल्या. काळ्या पाषाणाची मूर्ती समईच्या उजेडात चकाकत होती. कल्पिता हात जोडून उभी. विपुल तिच्या शेजारी, एरवी पुरुषांच्या बाजूला उभा राहणारा. मी डोळे मिटले नाहीत. मला कुणावर भरवसा नव्हता.

डावी पाकळी घसरली, थोडी थांबली आणि पडली.

कुणीतरी "आई गं" म्हणालं. माझं डोकंच फिरलं. मी पुढं गेले आणि म्हणाले, "मूर्ती पुसली होती का? तेल हाय तिच्यावर! सकाळी तेल लावलंत ना? तेलावर काय टिकंल?"

बाळाजी घाबरून काकांकडं बघायला लागला. रामचंद्रकाका रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "सुचिता, तेल रोजचंच हाय. दोनी खांद्यांना हाय. उजवी राहिली न्हवं? माझ्या लग्नाचा कौल पन ह्याच तेलावर घेतलेला."

मान्य मी ते आजही करत नाही. विपुल म्हणाला, "परत लावा." काका म्हणाले, "परत लावत न्हाईत, विपुल. देवीला दोनदा विचारत न्हाईत."

कल्पितानं माझा हात धरला. "चला ताई. झाला कौल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी काका मृणालीला घेऊन दुकानात आले. बिचारे, हो, आता मीच म्हणते बिचारे, दारात उभे राहून चप्पलच बघत होते. जुनं चिलखत गेलेलं, नवं एकच. मृणालीनं ते चढवून बघितलं. उजवीकडं बसलं. डावीकडं त्या सपाट तुकड्यानं तिला श्वास घेता येईना. पोरीचे डोळे भरले. "काकू, हे माझं न्हाय हो," ती कल्पिताला म्हणाली. "हे तुमचं हाय. मी नाही घालनार."

"मग कुणीच घालू नका!" मी म्हणाले. "जाऊ दे यंदा देवी साडीवर! हिनं हाडं झिजवून केलं, आणि आता..."

"ताई," कल्पिता म्हणाली, "जरा ती कळशी आणा."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं गरम हवेची बंदूक लावलेली बघितली, तेव्हा कळलं. विपुल पुढं झाला. "दे इकडं, मी करतो."

"न्हाय. मी केलंय, मीच करनार."

तिनं आतली रबराची गादी उपटून काढली. डावा तुकडा तापवला, सगळीकडून सारखा, घाई न करता, कुठं डाग पडू न देता. मऊ पडल्यावर कळशीच्या पोटावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबला. डावा हात तिचा अजून नीट वर जात नाही, तरी दाबला. प्लास्टिक हळूहळू गोल झालं. ओलं फडकं फिरवून तिनं ते गार केलं आणि उजवीकडच्या गोलाईशी ताडून बघितलं. अगदी सारखं. मग मृणालीला म्हणाली, "घाल आता. झालं पुरं."

काका बाहेर जाऊन उभे राहिले होते. त्यांची पाठ हलत होती. मला त्यांची दया आली नाही.

दसऱ्याला ताशे वाजले. रणदेवी टेम्पोवर उभी राहिली. चिलखत उन्हात असं झळकत होतं, की लोक एकमेकांना दाखवत होते. "काय सुंदर काम हाय! कुणी केलं?" "पाइपवालीनं." "आगं बाय! बिचारी, एवढं आजारी असून."

मी ओटीचं ताट घेऊन आमच्या दारात उभी होते. टेम्पो दारासमोर थांबला. नारळ, तांदूळ, खण, हळदीकुंकू, सगळं ताटात. सासूबाई म्हणाल्या, "हो पुढं, भर." मी पुढं झाले. मृणाली वरून माझ्याकडं बघत होती, पदर पसरून. मी तिला वाकून नमस्कार केला, तिचा काही दोष नव्हता. आणि मी टेम्पोला वळसा घालून रस्ता ओलांडला.

समोर दुकानाच्या पायरीवर कल्पिता उभी होती. साधी सुती साडी, डावीकडं सपाट. शेजारी विपुल.

"ताई, हे काय करताय?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "देवी तिकडं हाय. लोक बघतायत."

"बघू देत. पदर धर."

"ताई, नको ना."

"कल्पे, पदर धर म्हणते ना!"

ताशेवाल्यांनी काय बघितलं कोण जाणे, ताशे थांबले. सगळी पाखाडी वळून तोंड वर करून त्या पायरीकडं बघत होती. कल्पितानं पदर पसरला. मी तिला हळदीकुंकू लावलं, खण, तांदूळ, नारळ तिच्या ओटीत घातला आणि भर रस्त्यात, मी थोरली जाऊ, तिच्या पायाशी वाकले.

कुणी बिचारी म्हणालं नाही. नारळ जड होता. तिचा डावा हात खाली यायला लागला तसा विपुलनं खालून हात लावला.